बालेवाडीची दुपार आणि गोलांचा हिशेब

१. शंका

फुटबॉलशी ज्यांचा संबंध चार वर्षांतून एकदा, विश्वचषकाच्या दिवसांत, रात्री जागून दूरचित्रवाणीसमोर बसण्यापुरताच येतो, अशा वाचकांच्या मनात एक शंका हटकून येते, आणि ती बोलून दाखवण्यात संकोच वाटण्याचे काहीच कारण नाही. आघाडीवर खेळणारी खेळाडू, जिला आता सर्वत्र स्ट्रायकर म्हणतात, ती गोल करण्यासाठीच नेमलेली असते. मग ती जर नव्वद मिनिटे मैदानावर वावरून रिकाम्या हाताने परत येत असेल, तर तिला जगातील सर्वश्रेष्ठांत गणणारे लोक ते गणतात तरी कशाच्या आधारावर?

या शंकेला पुण्यातच घडलेले एक उत्तम उदाहरण आहे. दिनांक ३० जानेवारी २०२२. स्थळ, १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले म्हाळुंगे-बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. प्रसंग, महिलांच्या आशियाई चषकाचा उपान्त्यपूर्व सामना. एका बाजूला ऑस्ट्रेलिया, दुसऱ्या बाजूला दक्षिण कोरिया. ऑस्ट्रेलियाची कर्णधार सॅम केर हिच्या वडिलांचा जन्म कोलकात्याचा आणि आजी भारतीय, त्यामुळे पाहुणी म्हणून आलेल्या या खेळाडूचे इथल्या मातीशी एक दूरचे नातेही होते. नऊच दिवसांपूर्वी, २१ जानेवारीस, मुंबईच्या अंधेरीतील मैदानावर ऑस्ट्रेलियाने इंडोनेशियाचा १८-० असा धुव्वा उडवला होता. त्यांतील पाच गोल एकट्या केरचे होते, आणि त्या पाचांच्या जोरावर ऑस्ट्रेलियाच्या पुरुष संघातील टिम केहिलचा ५० गोलांचा विक्रम मागे टाकून ती, पुरुष आणि स्त्रिया दोन्ही हिशेबांत धरून, आपल्या देशाची सर्वाधिक आंतरराष्ट्रीय गोल करणारी खेळाडू ठरली होती.

अशी खेळाडू पुण्यात आली, पूर्ण सामना खेळली, आणि तिचा एकही गोल झाला नाही. पूर्वार्धात कोरियाला मिळालेली पेनल्टी चो सो-ह्युन हिने गोलाच्या वरून मारून वाया घालवली, तेव्हा दैव ऑस्ट्रेलियाच्या बाजूचे आहे असे वाटले खरे; पण उत्तरार्धात गोलाच्या अगदी समोर चालून आलेली एक संधी केरच्याही हातून निसटली, आणि ८७ व्या मिनिटाला जी सो-युन हिने लांबून मारलेला चेंडू ऑस्ट्रेलियाच्या जाळ्यात जाऊन विसावला. निकाल १-०. ज्यांच्याकडे सारे जण विजेतेपदाचे दावेदार म्हणून पाहत होते, त्या संघाने बालेवाडीतूनच परतीची वाट धरली. यातील गंमत अशी की जी ही मूळची मधल्या फळीतली खेळाडू, आणि लंडनच्या चेल्सी क्लबात ती तेव्हा केरचीच सहकारी होती.

स्पर्धा संपल्यावर सर्वाधिक गोलांचा मान मात्र केरलाच मिळाला, सात गोल. म्हणजे एकाच पंधरवड्यात एकाच व्यक्तीच्या नावावर विक्रम, सर्वोच्च गोलसंख्या आणि पराभव अशा तिन्ही नोंदी झाल्या. हे कसे घडू शकते ते समजण्यासाठी आधी या खेळाडूचे काम काय असते ते पाहू.

२. चेंडूवाचूनचे काम

नवखा प्रेक्षक चेंडूकडे पाहतो. त्यात त्याचा दोष नाही, कारण कॅमेराही चेंडूमागेच फिरतो. परंतु स्ट्रायकरच्या पायाशी चेंडू सबंध सामन्यात फार थोडा काळ असतो, आणि तिची खरी कर्तबगारी उरलेल्या वेळात, म्हणजे चेंडू दुसऱ्या कोणाकडे असताना, चाललेली असते. तिला दोन बचावपटूंच्या मधली, गोलरक्षिकेच्या पुढची आणि सहकाऱ्याच्या पासच्या टप्प्यातली अशी एक जागा शोधायची असते, जी जागा क्षणापूर्वी नव्हती आणि क्षणानंतर राहणार नाही.

त्यात ऑफसाइडच्या नियमाची अडचण. हा नियम पुष्कळांना गूढ वाटतो, वास्तविक तो साधा आहे. सहकारी खेळाडू ज्या क्षणी चेंडू मारते त्या क्षणी, प्रतिपक्षाच्या अर्ध्या मैदानात, तुम्ही चेंडूच्याही पुढे आणि प्रतिपक्षाच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे असता कामा नये. शेवटची खेळाडू बहुधा गोलरक्षिका असते, म्हणून व्यवहारात नियम असा होतो की शेवटच्या बचावपटूच्या मागे आधीच जाऊन उभे राहण्यास मनाई. पास निघाल्यावर मात्र तिच्या मागे धावत जाण्यास पूर्ण मुभा. म्हणजे सारा प्रश्न क्षणाचा. अर्धे पाऊल लवकर निघालात तर रेषेवरच्या पंचाचे निशाण वर जाते. अर्धे पाऊल उशिरा निघालात तर बचावपटू आधी पोचते.

यावर तोड काय, ते खो-खो पाहिलेल्या वाचकाला, आणि त्या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानेच घालून दिलेले असल्याने पुण्यातल्या वाचकाला तर विशेष, सहज उमगेल. खो-खोतला पळणारा गडी पाठलाग करणाऱ्याहून वेगवान असतोच असे नाही. पाठलागाच्या गड्याला एकदा दिशा धरली की उलटे वळता येत नाही हे त्याला ठाऊक असते, म्हणून तो एका बाजूला झुकल्यासारखे दाखवून त्याला दिशा धरायला लावतो आणि साखळीतून दुसऱ्या बाजूला निघून जातो. केरची धाव नेमकी या जातीची आहे. ती आधी चेंडूकडे दोन पावले येते, बचावपटू तिच्यामागोमाग पुढे सरकते, तिचा भार पुढच्या पायावर येतो, आणि त्याच क्षणी केर वळून तिच्या पाठीमागच्या मोकळ्या जागेत शिरते. भार पुढच्या पायावर असलेल्या माणसाला वळायला जो वेळ लागतो, तेवढ्याच वेळाची ही सारी कमाई.

याहून वेगळ्या घडणीची खेळाडू म्हणजे डेन्मार्कची पेर्निल हार्डर. १९९२ साली ईकास्त गावी जन्मलेली ही खेळाडू २०२० साली जर्मनीच्या वोल्फ्सबुर्गमधून चेल्सीत आली, ती महिला फुटबॉलमधील तोवरच्या सर्वांत मोठ्या बदलीच्या रकमेवर. युरोपातील वर्षाची सर्वोत्तम महिला खेळाडू हा किताब तिने २०१८ आणि २०२० असा दोनदा पटकावला आहे. हार्डर पुढे धावण्याऐवजी पुष्कळदा मागे येते. प्रतिपक्षाची बचावफळी आणि मधली फळी यांच्यामध्ये जी एक पट्टी मोकळी असते तिथे येऊन ती चेंडू मागते, आणि बचावपटूंपुढे पेच टाकते: हिच्यामागे जावे तर पाठीमागचे दार उघडे पडते, न जावे तर ही वळून थेट गोलाकडे तोंड करते. एक जण दार उघडते आणि दुसरी आत शिरते, असा हा जोडव्यवहार हार्डर आणि केर यांनी चेल्सीसाठी तीन हंगाम केला. गोलफलकावर नाव बहुधा आत शिरणारीचे लागते. दार उघडणारीची नोंद ठेवण्याची रीत खेळाच्या दप्तरात अगदी अलीकडे आली, आणि ती पुरेशी आली आहे असे मला वाटत नाही.

३. कोन

गोलाची रुंदी ७.३२ मीटर आणि उंची २.४४ मीटर. हा आकडा पाठ करण्याचे कारण नाही, पण त्यातून एक गोष्ट काढता येते. पेनल्टीचा ठिपका गोलापासून ११ मीटरवर असतो; तिथे उभे राहून दोन्ही खांबांकडे रेषा काढल्या तर त्यांच्यातला कोन सुमारे ३७ अंश भरतो. सरळ मागे येत २२ मीटरवर उभे राहा, कोन सुमारे १९ अंशांवर येतो. अंतर दुप्पट झाले, तो जवळपास निम्मा झाला. शिवाय चेंडू पोचायला अधिक वेळ लागणार, मध्ये आडव्या येणाऱ्या पायांची संख्या वाढणार, आणि गोलरक्षिकेला बघायला, सावरायला सवड मिळणार. यासाठीच स्ट्रायकर जवळच्या जागेसाठी एवढी झगडते. जीचा बालेवाडीतला गोल लांबून, म्हणजे कठीण बाजूने, आला. असे गोल क्वचित होतात म्हणूनच डोळ्यांत भरतात, आणि ते होतच नाहीत असे मात्र कोणी समजू नये.

४. चार संधी

आता मूळ शंकेकडे. फुटबॉलमध्ये गोल ही दुर्मिळ वस्तू आहे. क्रिकेटचा फलंदाज शंभर चेंडू खेळतो आणि त्यांतून त्याच्या लायकीचा पुरेसा अंदाज येतो. स्ट्रायकरच्या वाट्याला एका सामन्यात खऱ्या अर्थाने संधी म्हणाव्यात अशा तीन-चारच घटना येतात. जिथे नमुनाच इतका तोकडा, तिथे एका दिवसाच्या निकालावरून गुणवत्तेचा निवाडा करणे म्हणजे पोत्यातले चार दाणे पाहून सगळ्या धान्याची प्रत ठरवणे.

एक छोटे गणित करून पाहू. समजा, एका उत्तम स्ट्रायकरला प्रत्येक सामन्यात चार संधी मिळतात, आणि प्रत्येक संधीचा गोल होण्याची शक्यता चारात एक आहे. सरासरीने सामन्याला एक गोल पडेल. परंतु 'सरासरीने एक' याचा अर्थ 'दर सामन्यात एक' असा नव्हे. चारही संधी हुकण्याची शक्यता काढायची तर तीन-चतुर्थांशाला तीन-चतुर्थांशाने असे चार वेळा गुणायचे: उत्तर येते २५६ पैकी ८१, म्हणजे जवळजवळ तीनात एक. इंग्लंडच्या महिला लीगमध्ये त्या काळी बारा संघ होते आणि प्रत्येक संघ २२ सामने खेळे. आपली काल्पनिक खेळाडू अशा हंगामात २२ च्या आसपास गोल करील; त्यांतल्या सुमारे नऊ सामन्यांत तिचा एकेक गोल होईल, सहांत दोन किंवा अधिक होतील, आणि सुमारे सात सामन्यांत एकही होणार नाही.

हे सात सामने लक्षात ठेवावेत. त्या सात दिवशी ती खेळाडू बिघडलेली नसते, आळशी झालेली नसते, दडपणाने खचलेलीही नसते. ती तीच असते. प्रत्यक्षातल्या संधी अर्थातच सारख्या नसतात, कोणती सोपी, कोणती कठीण. म्हणून हल्लीचे विश्लेषक प्रत्येक फटक्याला त्याचे अंतर, कोन आणि प्रकार पाहून एक वजन देतात आणि त्या वजनांची बेरीज म्हणजे 'अपेक्षित गोल' असे धरतात. पण हिशेबाचे मर्म तेच राहते.

आता खरा आकडा. २०२०-२१ च्या हंगामात केरने त्या लीगमध्ये २१ गोल केले आणि सर्वाधिक गोलांचा सुवर्णबूट मिळवला. पुढच्या हंगामात २० गोल करून पुन्हा तोच. त्यापूर्वी अमेरिकेच्या लीगमध्ये २०१७, २०१८ आणि २०१९ अशी ओळीने तीन वर्षे, अनुक्रमे १७, १६ आणि १८ गोलांसह, ती पहिली आली होती. पाच हंगाम, तीन क्लब, दोन खंड. निवाडा करायचा तो या बेरजेवरून.

आणि या बेरजेच्या पोटात काय काय दडलेले असते, ते २०१९ च्या विश्वचषकात दिसले. १८ जूनला फ्रान्समधील ग्रेनोब्ल येथे जमैकाविरुद्ध ऑस्ट्रेलियाचे चारही गोल केरने केले. विश्वचषकात एका सामन्यात चार गोल करणे ही काही लहानसहान बाब नव्हे. बरोबर चार दिवसांनी नॉर्वेविरुद्धचा सामना बरोबरीत सुटून पेनल्टींवर गेला, तेव्हा कर्णधार या नात्याने पहिला फटका तिनेच घेतला, आणि अकरा मीटरवरून, समोर केवळ गोलरक्षिका असताना, चेंडू आडव्या दांड्यावरून निघून गेला. ऑस्ट्रेलिया स्पर्धेबाहेर. पेनल्टीचा गोल साधारणपणे चारात तीनदा होतो. म्हणजे चौथी वेळही कोणाच्या तरी वाट्याला येणारच असते.

५. मनाई हुकूम

येथे जरा इतिहासाकडे वळावे लागेल, कारण अशी बेरीज व्हायला कारकीर्द लागते, आणि कारकीर्द हा शब्द स्त्री-फुटबॉलपटूच्या संदर्भात वापरता येऊ लागला त्याला फार वर्षे झालेली नाहीत. ५ डिसेंबर १९२१ रोजी इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या अखत्यारीतील क्लबांची मैदाने स्त्रियांच्या सामन्यांना देऊ नयेत असा हुकूम काढला. स्त्रियांच्या सामन्यांना हजारोंची गर्दी लोटत असतानाच तो निघाला, आणि सुमारे पन्नास वर्षे अमलात राहिला. बरोबर शंभर वर्षांनी, ५ डिसेंबर २०२१ रोजी, त्याच असोसिएशनच्या महिला चषकाचा अंतिम सामना वेंब्लीवर झाला. चेल्सीने आर्सेनलला ३-० ने हरवले आणि त्यांतले दोन गोल केरचे होते. बालेवाडीचा सामना याच्यानंतर अवघ्या आठ आठवड्यांनी झाला, ही गोष्टही मागील गणिताबरोबर वाचावी.

डेन्मार्कची हकिकत याहून चमत्कारिक. १९७१ साली मेक्सिकोत स्त्रियांची एक जागतिक स्पर्धा भरली, जिला आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता नव्हती. अंतिम सामन्यात, अझ्टेका मैदानावर, एक लाखाहून अधिक लोकांसमोर, डेन्मार्कने यजमान मेक्सिकोला ३-० असे नमवले. तिन्ही गोल सुसान ऑगस्टेसन या पंधरा वर्षांच्या मुलीचे. एवढा पराक्रम करून ती मायदेशी परतली, तेव्हा डॅनिश फुटबॉल संघटनेच्या दप्तरी स्त्रियांचे फुटबॉल असा विषयच नव्हता. त्याला मान्यता मिळाली ती पुढच्या वर्षी, १९७२ मध्ये. ऑगस्टेसन पुढे इटलीत गेली आणि तिथल्या लीगमध्ये वर्षानुवर्षे गोल करत राहिली.

आपल्याकडे महिलांच्या फुटबॉलची राष्ट्रीय संघटना १९७५ साली स्थापन झाली, आणि तिच्या पहिल्या दशकातच भारतीय संघ आशियाई स्पर्धेत दोनदा उपविजेता ठरला. १९८३ साली शांती मलिक ही अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली महिला फुटबॉलपटू झाली. त्या वेगाने पुढची चाळीस वर्षे गेली असती तर बालेवाडीत आपण कोणत्या संघाच्या बाजूने ओरडलो असतो, हे सांगायला नको. २०२२ च्या त्याच स्पर्धेत यजमान भारताने नवी मुंबईत इराणशी गोलशून्य बरोबरी केली, आणि तीन दिवसांनी, २३ जानेवारीस, निम्म्याहून अधिक खेळाडू महासाथीच्या संसर्गाने खोळंबल्यामुळे संघच उभा करता आला नाही. यजमानांची स्पर्धा एका सामन्यात आटोपली.

६. नादिया नदीम

डॅनिश संघाची आणखी एक स्ट्रायकर या प्रकरणात आली नाही तर ते अपुरे राहील. नादिया नदीम हिचा जन्म १९८८ साली अफगाणिस्तानातील हेरात शहरी झाला. वडील सैन्यात सेनापती. तालिबानांनी त्यांना ठार मारले. आई मुलींना घेऊन निसटली, आणि हे कुटुंब डेन्मार्कमधील निर्वासितांच्या छावणीत येऊन पोचले. छावणीला लागून असलेल्या मैदानावर मुली चेंडू खेळतात हे नदीमने तिथेच प्रथम पाहिले. २००९ पासून ती डेन्मार्ककडून खेळू लागली, आणि खेळता खेळता वैद्यकीचा अभ्यासक्रम पुरा करून २०२२ साली डॉक्टर झाली. २०१५ साली अमेरिकेतील स्काय ब्लू या क्लबात ती आणि केर एकाच संघात होत्या.

२०१७ च्या युरोपीय स्पर्धेत डेन्मार्कने बलाढ्य जर्मनीला २-१ ने बाहेर काढले, त्यांतला बरोबरीचा गोल नदीमचा. अंतिम सामन्यात, एन्स्केडे येथे, सहाव्या मिनिटालाच तिने पेनल्टीवर गोल करून संघाला आघाडी दिली, हार्डरनेही एक भर घातली, पण नेदरलँड्सने सामना ४-२ असा जिंकला. या उपविजेतेपदानंतर दोनच महिन्यांत डॅनिश खेळाडू आणि त्यांची संघटना यांच्यात मानधनाच्या करारावरून वाद पेटला, स्वीडनविरुद्धचा विश्वचषक-पात्रतेचा सामना रद्द झाला, आणि तो स्वीडनने ३-० जिंकला अशी कागदोपत्री नोंद झाली. हार्डर त्या वेळी कर्णधार होती. डेन्मार्क २०१९ च्या विश्वचषकाला पात्र ठरला नाही. स्ट्रायकरच्या गोलसंख्येत एखाद्या वर्षी खळगा दिसला, तर त्याचे कारण कधी कधी असे मैदानाबाहेर, करारनाम्याच्या कलमांत, सापडते.

७. बालेवाडीनंतर

ऑस्ट्रेलिया पुढच्या विश्वचषकाचा सहयजमान असल्याने पुण्यातल्या पराभवाने त्याची पात्रता गेली नाही. २०२३ च्या त्या स्पर्धेत पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी केरची पोटरी दुखावली. ७ ऑगस्टला सिडनीत गाठ पडली ती हार्डरच्या डेन्मार्कशी. केर शेवटच्या दहा मिनिटांपुरती बदली म्हणून उतरली, गोल इतरांनी केले आणि ऑस्ट्रेलियाने २-० ने बाजी मारली. १६ ऑगस्टच्या उपान्त्य सामन्यात ती इंग्लंडविरुद्ध प्रारंभापासून खेळली, आणि ६३ व्या मिनिटाला मैदानाच्या मध्याकडून चेंडू घेऊन निघून, बचावपटूसमोर, पंचवीस एक मीटरवरून तिने असा फटका मारला की गोलरक्षिकेच्या हातावरून तो वरच्या बाजूने जाळ्यात गेला. मागे सांगितलेल्या कोनाच्या हिशेबाने ही संधी म्हणावी अशी संधीच नव्हती. बालेवाडीत जवळून हुकली, सिडनीत लांबून साधली. ऑस्ट्रेलिया तो सामना १-३ ने हरला.

जानेवारी २०२४ मध्ये सरावात तिच्या गुडघ्याचा पुढचा अस्थिबंध तुटला. ही दुखापत स्त्री-खेळाडूंना पुरुषांपेक्षा लक्षणीय प्रमाणात अधिक होते. शरीररचना, स्नायूंची घडण, मैदानांची आणि बुटांची प्रत, विश्रांतीचा अभाव अशी अनेक कारणे तज्ज्ञ पुढे करतात, आणि एकावर बोट ठेवण्यास अजून कोणी तयार नाही. केरच्या बाबतीत हे सांगितले पाहिजे की उमेदीची कित्येक वर्षे ती उत्तर गोलार्धातील उन्हाळ्यात अमेरिकेत आणि थंडीत ऑस्ट्रेलियात अशा दोन लीग लागोपाठ खेळत होती, कारण एका लीगच्या वेतनावर तेव्हा महिला खेळाडूचे वर्ष निघत नसे. पॅरिस ऑलिम्पिक हुकले. सप्टेंबर २०२५ मध्ये ती चेल्सीसाठी पुन्हा मैदानात उतरली, बदली खेळाडू म्हणून, आणि त्याच सामन्यात तिने गोल केला.